पिंटूचे दहा दिवस

बालाघाटात मी नोकरी केली त्या सगळ्या वर्षांत गावात गावठी कुत्रं एकही नव्हतं. निदान आमच्या दवाखान्याच्या कागदांवर तरी नव्हतं. केसपेपरवर 'जात' असा रकाना असे आणि तिथे मालक सांगेल ते लिहायची पद्धत होती. शेपटी वळून पाठीवर आलेली, पोट खपाटीला गेलेलं, रस्त्यावर जन्मून रस्त्यावर वाढलेलं जनावर समोर उभं असलं तरी मालक छाती काढून सांगे, "अल्सेशियन आहे साहेब. जरासा मिक्स आहे." मँगनीजच्या खाणीवरचे गोरे साहेब मायदेशी परत गेले तेव्हा एक अल्सेशियन नर मागे ठेवून गेले, अशी बोलवा होती. तो नर प्रत्यक्ष पाहिलेला माणूस मला कधी भेटला नाही. पण पुढची पंधरा वर्षं निम्म्या जिल्ह्यातल्या पिल्लांचं बापपण त्या बिचाऱ्याच्या माथी मारलं गेलं.

नवं मध्य प्रदेश राज्य झालं त्या सुमाराला मी जबलपूरहून शिकून इथे आलो. लोकांच्या भाषेत मी 'ढोरांचा डॉक्टर'. खरं काम गाई-म्हशी-बैलांचं. पावसाळ्याआधी गावोगाव फिरून घटसर्पाच्या लसी टोचायच्या, अडलेली म्हैस सोडवायची, बैलाची शिंगं कापायची. कुत्री म्हणजे हौशी लोकांचं प्रकरण. पण मला माणसांबद्दल जे काही कळलं ते कुत्र्यांमुळेच, आणि जे कळलं ते फारसं चांगलं नव्हतं.

एका वकीलसाहेबांनी आपल्या कुत्र्याचे कान उभे राहावेत म्हणून आतून बांबूच्या कामट्या घालून वरून चिकटपट्ट्या बांधल्या होत्या. कानांना घाण वास सुटला तेव्हा ते माझ्याकडे आले. मी पट्ट्या सोडवल्या, जखमा धुतल्या, आणि दोन्ही कान गालांवर येऊन पडले. वकीलसाहेब म्हणाले, "तुमच्या हातानं पडले हे कान." पुढे कित्येक दिवस ते तसंच सांगत फिरत होते.

किरनापूरच्या बाजारात एक माणूस 'भुटिया' जातीची काळी कुळकुळीत पिल्लं विकून गेला. तहसील कचेरीतल्या बडेबाबूंनी एक घेतलं आणि सुई द्यायला माझ्याकडे आणलं. मी स्पिरिटचा बोळा फिरवला तर बोळा काळा आणि पिल्लू बदामी! बुटाचं पॉलिश होतं ते. बडेबाबू म्हणाले, "रंग जाऊ द्या हो. हाड तर भुटियाचंच आहे ना?" मी केसपेपरवर 'भुटिया' लिहिलं.

अशा माणसांत राहून स्वभाव संशयी होणार नाही तर काय होणार? आमचा रोगी बोलत नाही आणि मालक खरं बोलत नाही. त्यात माझ्या पहिल्या वरिष्ठांनी एक धडा दिला होता. ते म्हणत, "कुत्र्याच्या घशात हाड अडकलंय असं सांगत कोणी आला, तर तोंडात हात घालू नकोस. हाड नसतं. बहुतेक वेळा तो पिसाळलेला असतो आणि जबडा लुळा पडलेला असतो." हा धडा मी कुत्र्यांपुरता ठेवला नाही. माझी बायको म्हणे, "तुम्ही वरण वाढलं तरी आधी वास घेता. मी काय पॉलिश लावून आणलंय?"

पिंटूची गोष्ट सांगायची तर ही सगळी पार्श्वभूमी सांगायलाच हवी, कारण त्या गोष्टीत माझा संशय चुकला. आणि तो चुकला नसता तर एक बाई तीन महिने मरणाच्या सावलीत वावरली नसती, असं मला आजही वाटतं.

पिंटू हा मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका सरवटेबाईंचा कुत्रा. बाई एकट्या राहत. पिंटू पांढराशुभ्र, झुबकेदार, टोकदार नाकाचा. अशा कुत्र्याला गावात सरसकट 'पामेरियन' म्हणत. मी पहिल्या दिवशी त्याच्या कागदावर 'स्पिट्झ' लिहिलं. बाईंनी तो कागद माझ्या हातातून घेतला, पर्समधलं लाल शाईचं पेन काढलं, 'स्पिट्झ' खोडून 'पामेरियन (शुद्ध)' असं लिहिलं आणि कागद परत केला. सही तेवढी राहिली होती. माझ्या कंपाउंडरनं, मिश्राजींनी, तोंड फिरवून हसू दाबलं. मी ते विसरलो नाही, हे आधीच कबूल करून टाकतो.

मे महिन्यात पिंटूनं दूधवालीला चावलं. भागरता तिचं नाव. नदीकाठच्या वस्तीतली. नवरा दसरू म्हशी सांभाळायचा, ही घरोघर दूध घालायची. माझ्याकडेही तिचंच दूध येई. तिला सहावा महिना होता. बाईंच्या मागल्या पडवीत ती भांड्यात दूध ओतत असताना पिंटूनं काही कारण नसताना तिच्या पोटरीला दात लावले.

तेव्हा कुत्रं चावलं की पोटात चौदा सुया घ्याव्या लागत. रोज एक. गरोदर बाईच्या पोटात चौदा सुया म्हटल्यावर तिची सासू यमुनाबाई माझ्याकडे धावत आली आणि पदर पसरून म्हणाली, "पोटात सुई नोको जी, डाक्टरसाब. लेकरू हाय तिच्या पोटात. दुसरा काई उपाय सांगा."

उपाय होता. कुत्रा पाळीव असला, जखम लहान असली, तर कुत्र्याला दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवायचं. पिसाळलेला कुत्रा त्या दहा दिवसांत मरतो. दहा दिवसांनंतरही धडधाकट असेल तर चावला त्या दिवशी त्याच्या लाळेत विष नव्हतं, असं समजायचं. हे सगळं मी तिला नीट सांगायला हवं होतं. मला किरनापूरकडे लसी टोचायला जायची घाई होती. मी म्हणालो, "घाबरू नका. कुत्रा दहा दिवस जगला म्हणजे तुमची सून सुखरूप. मेला तर मात्र सुया."

तिनं दोनदा विचारलं, "दहा दिवस जगला पायजे, होय नं?" मी म्हणालो, "हौ." आणि सायकलवर बसलो.

पिंटूला बाईंच्या मागल्या पडवीत साखळीनं बांधलं. पहिले तीन दिवस मी रोज पाहून आलो. तो नेहमीसारखाच माझ्यावर गुरगुरला. थोडा मलूल वाटला, पण मेचं ऊन होतं. तिसऱ्या दिवशी बाई भाचीच्या लग्नाला नागपूरला निघाल्या. जाताना म्हणाल्या, "यमुनाबाई दोन्ही वेळ दूधभात घालणार आहेत. तुम्ही लक्ष ठेवा." मला तेव्हाच खटकलं. असा कुत्रा घरी असताना कोणी लग्नाला जातं? पुढचे दोन दिवस माझा मुक्काम किरनापूरला होता.

सहाव्या दिवशी सकाळी मी पडवीत गेलो तर पिंटूनं शेपूट हलवली.

चार वर्षं तो कुत्रा माझ्यावर गुरगुरत होता. पिसाळायच्या आधी कुत्र्याचा स्वभाव बदलतो, तापट कुत्रा लाडात येतो, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी आधी दोन पावलं मागे सरलो. लांबूनच पाण्याचं भांडं काठीनं सरकवलं. तो लपालपा प्यायला. भाकरीचा तुकडा टाकला, तर हवेतच झेलला. जबडा घट्ट, आवाज खणखणीत. झेलताना त्याचे दात दिसले. पांढरेशुभ्र, टोकदार, जेमतेम दोन वर्षांच्या कुत्र्याचे. पिंटू नऊ वर्षांचा होता आणि त्याचे पुढचे दात झिजून पिवळे पडले होते. दहा दिवसांत कुत्र्याचा स्वभाव बदलू शकतो, पण दात तरुण होत नाहीत.

कुत्रा बदलला होता! म्हणजे पिंटू मेला होता.

माझ्या डोक्यात एका मिनिटात सगळं जुळलं. बाईंना कळलं असणार की कुत्रा पिसाळतोय. शाळेची अब्रू, 'शुद्ध' पामेरियनची अब्रू. मग नागपूरच्या लग्नाचं निमित्त, आणि कोणाच्या तरी हातून तसाच दुसरा पांढरा कुत्रा साखळीला. लाल पेन आठवलं. मिश्राजींचं हसू आठवलं. इतक्या वर्षांत मला इतकी खात्री कधीच वाटली नव्हती.

दवाखान्यात येऊन मी मिश्राजींना सांगितलं. ते वयानं मोठे, शांत माणूस. म्हणाले, "साब, पहले उस औरत को बता दीजिए. सुई आज ही शुरू हो जाए."

मी म्हणालो, "आत्ता सांगितलं तर गावभर होईल. बाई सावध होतील. परवा संध्याकाळच्या गाडीनं येताहेत. येऊ दे. तोंडावर धरतो."

मिश्राजी औषधाच्या बाटल्या पुसत राहिले.

ते दोन दिवस मी एखाद्या फौजदारासारखा वागलो. बाईंच्या शेजाऱ्यांना आडून आडून विचारलं, लग्नाला खरंच गेल्यात का याची चौकशी केली, सकाळ-संध्याकाळ पडवीत जाऊन त्या परक्या कुत्र्याचे दात पाहिले. दोन्ही दिवस सकाळी भागरता माझ्या दारी दूध घालून गेली. दोन्ही दिवस मी तिला विचारलं, "बरी आहेस ना?" ती म्हणाली, "हौ जी." मी भांडं आत नेलं.

आठव्या दिवशी संध्याकाळी अरुंद रुळांवरची लहान गाडी आली तेव्हा मी बाईंच्या फाटकाशीच उभा होतो. त्यांनी रिक्षातून वळकटी उतरवली आणि "पिंटू!" अशी हाक मारत मागे गेल्या. मी पाठोपाठ. त्या कुत्र्यानं परक्या बाईवर भुंकायला सुरुवात केली.

बाई जागच्या जागी थांबल्या. "हा पिंटू नाही," त्या म्हणाल्या.

"ते मलाही माहीत आहे," मी म्हणालो. "पिंटू कुठे आहे ते तुम्ही सांगा."

त्यांना माझं बोलणं समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्या इतक्या पांढऱ्या पडल्या की मला वाटलं, चोर सापडला. मी आवाज चढवला. एका गरोदर बाईच्या जिवाशी खेळ, शिकल्यासवरल्या बाईनं असं करावं, वगैरे सगळं मी बोललो. शेजारचे लोक कुंपणाशी येऊन उभे राहिले. तेवढ्यात मागच्या दारानं यमुनाबाई हातात दूधभाताची थाळी घेऊन आली आणि आमच्याकडे पाहतच राहिली.

"काहून भांडता जी?" तिनं विचारलं. "पिंटू तं मेला ना. चवथ्याच दिशी मेला."

मी तिच्याकडे वळलो. "तुला माहीत होतं?"

"मले नाई माहीत तं कोनाले माहीत? माह्याच समोर मेला. दूध पेत नोता, थोबाड लटकलं होतं, आवाज बसला होता. दसरूनं नदीकडं नेऊन गाडला. मंग म्या भावाले निरोप धाडला. लालबर्र्याच्या राइसमिलवाल्याकडं असाच पांढरा हाय, दहा दिवस पुरे होईतो मांगून आनला." तिनं थाळी कुत्र्यापुढे सरकवली. "रोज अर्धा शेर दूध घालून राह्यली याले. मरू देत नाई मी याले."

मी विचारलं, "अगं, पण मला सांगितलं का नाहीस?"

"तुमी इचारलंच नाई. आन् तुमीच तं म्हनलं होतं, कुत्रा दहा दिवस जगला पायजे. तो मेला म्हून दुसरा जगवून राह्यली." तिच्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेशही नव्हता. नवस अर्ध्यावर मोडू नये म्हणून माणूस धडपडतं तशी ती धडपडली होती. माझ्या तोंडचा उपाय तिनं अक्षरशः पाळला होता.

गावातल्या शेंबड्या पोरापासून वकिलापर्यंत सगळ्यांवर मी संशय घेतला, पण आपल्या बोलण्यावर कधी घेतला नाही. ते मला त्या पडवीत कळलं.

सरवटेबाई पायरीवर बसल्या होत्या. पिंटूसाठी डोळे भरले होते, पण त्या रडल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं, "हा दुसरा कुत्रा आहे हे तुम्हाला कधी कळलं?"

"परवा सकाळी."

"मग दोन दिवस तुम्ही काय करत होता?"

उत्तर त्यांनीच दिलं. त्या म्हणाल्या, "माझी वाट पाहत होता." आणि उठून पायांत चपला घातल्या. "चला, भागरताकडे."

भागरताच्या घरी खरी लढाई झाली. सुनेला सुया टोचू द्यायला आता यमुनाबाई तयार झाली, पण तिची अट होती. आमच्याकडे कुत्रं चावलेल्या माणसाला सात विहिरींत डोकवायला लावतात. पाण्यात आपलं तोंड दिसलं तर भीती नाही, कुत्र्याचं दिसलं तर माणूस गेला. यमुनाबाई म्हणाली, "सात विहिरी झाल्याबिगर सुई नाई. आन् सातवी हट्ट्याची बावली." मी हात जोडले. हट्टा गावच्या त्या जुन्या पायऱ्यांच्या विहिरीपर्यंत जाऊन यायचं म्हणजे आणखी एक दिवस. शेवटी सातवी विहीर आमच्या दवाखान्याच्या आवारातली, यावर तडजोड झाली. सरकारी विहीर आहे, तिच्यात काही कमी असणार नाही, असं सरवटेबाईंनी गंभीरपणे सांगितलं तेव्हा ती मानली.

त्या संध्याकाळी दोन सायकलरिक्षा करून आम्ही बालाघाटच्या विहिरी फिरलो. पुढच्या रिक्षात सासू-सून, मागच्यात मी आणि जिला मी तासाभरापूर्वी भर लोकांत चोर ठरवलं ती बाई.  मेमध्ये विहिरी खोल गेलेल्या. भागरता पोट सांभाळत काठाशी वाकायची, यमुनाबाई तिचा दंड घट्ट धरायची आणि विचारायची, "काय दिसून राह्यलं?" दर वेळी भागरता म्हणायची, "मीच दिसून राह्यली, आई." विज्ञान शिकलेला मी, दर वेळी श्वास रोखून उभा असायचो. सातव्या विहिरीपाशी पोचेतो अंधारायला आलं होतं आणि ती जरा जास्तच वेळ वाकून राहिली.  मग ती म्हणाली, "मीच हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुया सुरू झाल्या. दसरूनं पिंटूला गाडल्याची जागा दाखवली, पण मेच्या उष्म्यात मेंदू तपासायला धाडण्याजोगा उरला नव्हता. त्यामुळे पिंटूला तो रोग होता की नव्हता, हे मी आजही छातीठोक सांगू शकत नाही. लक्षणं मात्र सगळी तीच होती. पिंटू बाईंचे हात चाटायचा, यमुनाबाईनं त्याच्या तोंडाशी दूध धरलं होतं, म्हणून त्या दोघींनाही सुया घ्याव्या लागल्या. इस्पितळाच्या बाकावर मुख्याध्यापिका, दूधवाली आणि तिची सासू अशा तिघी चौदा दिवस रोज शेजारी बसत. लालबर्र्याचा कुत्रा ज्याचा त्याला पोचता केला. तिथे मी सगळं खरं सांगितलं, आणि तो पिंटूच्या साखळीला नि भांड्याला लागला होता म्हणून तोही काही महिने बांधून ठेवा म्हटलं. या वेळी का बांधायचा हे अर्धा तास समजावलं. मिलवाला कंटाळून म्हणाला, "समझ गया डाक्टरसाब, समझ गया." मी त्याच्याकडून ते परत वदवून घेतलं.

सरवटेबाईंची मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माझं सोडा." पुढे त्यांनी कुत्रा पाळला नाही.

आता उरला माझा जाच. चौदा सुया घेतल्या तरी उशीर झालेला. माणसात हा रोग महिना, दोन महिने, कधी त्याहून जास्त दबून राहतो. वर आला की त्यावर इलाज नाही. आणि आला हे कळायची एक खूण म्हणजे पाणी. तहान लागते, पण पाणी गिळवत नाही, घसा आवळतो. भागरता सकाळी दूध घालायला आली की मी दारात उभा राहून तिच्या गळ्याकडे पाहू लागलो. थुंकी गिळते का, आवाज घोगरा आहे का, डोळे कसे आहेत. बायको म्हणाली, "तिच्याकडे असं पाहू नका, बिचारी घाबरेल." पण मला राहवत नसे. ते दोन दिवस मी तिच्या हातून दूध घेत गप्प बसलो होतो.

भागरता घाबरली नाही. तिला कळलं. एके सकाळी तिनं दुधाची कळशी खाली ठेवली, आमच्या ओट्यावरच्या माठातून लोटा भरला, माझ्याकडे पाहत घटाघटा प्यायली आणि तोंड पुसून निघून गेली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. जून गेला, जुलै गेला. तिला तहान असो वा नसो, पाऊस कोसळत असो, ती माझ्यासमोर एक लोटा पाणी पिऊन जायची. आम्ही त्याबद्दल कधी अक्षर बोललो नाही.

ऑगस्टमध्ये एक दिवस ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. दूध दसरूकडूनही आलं नाही. मी तोंडही न धुता नदीकाठच्या वस्तीकडे निघालो. चिखलात सायकल चालेना तेव्हा ती तिथेच टाकून पळालो. यमुनाबाई दारात उभी होती. तिनं दोन्ही हात आडवे केले.

"आत नोका येऊ जी. बाळंतीण हाय. काल पोरगी झाली."

मी धापा टाकत एवढंच विचारू शकलो, "पाणी... पाणी पिते का ती?"

यमुनाबाईला काही उमगलं नाही. पण कुडाच्या भिंतीमागून भागरताचा आवाज आला, दमलेला, हलका.

"आई, लोटा दे मले."

मग मी ते ऐकलं. घोट, घोट, घोट. मुद्दाम मोठ्यानं, भिंतीपलीकडे मला ऐकू यावं इतक्या मोठ्यानं ती पाणी पीत होती. मी चिखलातच खाली बसलो. मला रडू आवरेना, आणि आवरावंसं वाटलंही नाही.

"पेलं जी, डाक्टरसाब," ती आतून म्हणाली. "सारं पेलं. आता जा घरी, पोरगी आत्ताच झोपली हाय."